टर्बो स्लेडचा क्लच: नोव्हेंबर ते एप्रिलच्या नोंदी

९ नोव्हेंबर, कॅल्गरी (कॅनडा), गॅरेज

स्लेड, म्हणजे बर्फावर चालणारी स्नोमोबाइल: पोलारिस प्रो-आरएमके ८००, ॲक्सिस चासी, २०१७ चं मॉडेल. ७९५ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, १५५ इंची ट्रॅक (स्लेडला बर्फात पुढे ढकलणारा खालचा पट्टा). टर्बो किट उन्हाळ्यातच बसवून झालं. इंधनाचा मॅप (कधी किती इंधन सोडायचं त्याचा तक्ता) किटवाल्यांचा आहे, त्यात बोट घालणार नाही. बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो जादा दाब, ६ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). पेट्रोल पंपावरचं ९१ ऑक्टेन. (इथलं ९१ आपल्याकडच्या ९५-९६ च्या आसपास जातं. ऑक्टेन मोजायची रीत वेगळी आहे.)

किटवाल्यांनी एकच आकडा दिलाय: पूर्ण थ्रॉटलला ८२०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे). चढावर, खोल बर्फात, इंजिनाला तिथेच धरून ठेवणं हे क्लचचं काम. या हंगामात तेवढंच करायचं ठरवलंय.

स्नोमोबाइल जवळून न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. हिला गिअरबॉक्स नाही. क्रँकवर प्रायमरी क्लच, पलीकडच्या शाफ्टवर सेकंडरी, मधे रबरी व्ही-बेल्ट. १९८४ मध्ये किनेटिक होंडा आली तेव्हापासून आपल्या रस्त्यांवर जी बिनगिअरची स्कूटर फिरतेय, तिच्या डाव्या झाकणाखाली हेच तत्त्व आहे. ॲक्टिव्हाचं व्हेरिएटर ज्याने उघडलंय त्याला यातलं निम्मं आधीच कळलेलं असतं. तिथे गोल रोलर सरकतात, इथे तीन वजनं बिजागरीवर फिरतात. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी वजनं बाहेर फेकली जातात आणि सरकती तबकडी बेल्टला दाबत वर चढवते. एक स्प्रिंग त्यांना मागे ढकलत असते. या ओढाताणीत तोल साधला की इंजिन एका आरपीएमवर स्थिर राहतं आणि गाडीचा वेग वाढत जातो.

टर्बो नसलेल्या इंजिनात हे गणित सरळ असतं, कारण ताकद ठरलेली असते. टर्बोत ती आधी कमी असते आणि बूस्ट आला की एकदम वाढते. म्हणजे एकाच क्लचने दोन इंजिनं सांभाळायची. बूस्ट नसताना हलकी वजनं हवीत, बूस्ट आल्यावर जड. माझा सगळा हिवाळा या एका वाक्याभोवती जाणार आहे.

१६ नोव्हेंबर

प्रायमरी काढला. पुलर लावून बोल्ट आवळत गेलं की एका क्षणी खाडकन आवाज होऊन क्लच क्रँकच्या निमुळत्या टोकावरून, टेपरवरून, सुटतो. आवाज होणार हे माहीत असूनही दर वेळी दचकायला होतं.

कव्हर उघडण्याआधी कव्हर, स्पायडर (वजनं ज्यांवर टेकतात ते रोलर धरणारा भाग) आणि सरकत्या तबकडीवरच्या एक्सच्या खुणा एका रेषेत आहेत का ते पाहिलं आणि वर पांढऱ्या मार्करने माझी रेघ मारली. क्लच बॅलन्स केलेला असतो. कव्हर फिरवून बसवलं तर ८००० च्या पुढे क्रँकच्या बेअरिंगला त्याची किंमत मोजावी लागते. बोल्टही एकेक पूर्ण काढायचे नाहीत, सगळे थोडे थोडे सैल करत जायचं. आत स्प्रिंग १२०/३२० ची आहे. पहिला आकडा बसलेल्या अवस्थेतला जोर, दुसरा पूर्ण दाबल्यावरचा, दोन्ही पौंडांत. १२० पौंड म्हणजे ५४ किलोंनी कव्हर बाहेर येऊ पाहत असतं.

रोलरवर नख फिरवून पाहिलं. एक रोलर एका बाजूला किंचित सपाट झालाय. डोळ्यांना दिसत नाही, पण नख तिथे अडतं. असा रोलर फिरायचं सोडून घासत जातो, वजन अडकत अडकत वर येतं आणि आरपीएमचा काटा वरखाली नाचतो. मग माणूस वजनं बदलत बसतो. तिन्ही रोलर आणि त्यांच्या पिना नवीन टाकल्या. वजनांचे बुश ठीक आहेत.

मूळची ६२ ग्रॅमची वजनं काढून ॲडजस्टेबल वजनं घेतलीत. नुसतं वजन ६३ ग्रॅम, त्यात तीन भोकं: बिजागरीजवळ, मधे आणि टोकाला. त्यांत आटे असलेले छोटे स्क्रू भरायचे. सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर तिन्ही वजनं मोजली. तिघांत ०.१ ग्रॅमच्या वर फरक ठेवायचा नाही. एकाचा स्क्रू कानशीवर दोनदा ओढावा लागला.

सुरुवात: बिजागरीकडे २, मधे २, टोकाला ५. एकूण ७२ ग्रॅम.

एवढ्याशा फरकाने काय होतं असं वाटत असेल तर हिशेब करा. ७२ ग्रॅम, केंद्रापासून ६ सेंटिमीटरवर, ८२०० आरपीएम. एकेका वजनाचा बाहेर जाण्याचा जोर सव्वातीनशे किलोंच्या आसपास येतो. एक ग्रॅम वाढवला तर तिन्ही मिळून साडेतेरा किलो वाढतात. आणि हा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणून काटा तीन टक्के वर गेला की जोर सहा टक्के वाढतो. क्लच स्वतःला आवरतो तो याच्याच जिवावर.

२३ नोव्हेंबर

तबकड्या स्कॉचब्राइटने घासून ॲसिटोनने पुसल्या. नवीन बेल्ट कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवला, कारखान्यातून येताना त्यावर जो थर असतो तो काढायला. दोन्ही क्लच एका रेषेत आहेत का ते पट्टी लावून बघितलं. बेल्टचा ढिलेपणा किंचित कमी केला. बेल्ट फार ढिला असेल तर निघताना झटका बसतो, फार ताठ असेल तर स्लेड उभ्या जागी रांगायला बघते.

७ डिसेंबर, गोल्डनजवळ, क्वार्ट्झ क्रीक

पहिली फेरी. नव्या बेल्टला आधी पन्नासेक किलोमीटर सांभाळून चालवायचं असतं, त्यामुळे दुपारपर्यंत अर्ध्या थ्रॉटलवर इकडेतिकडे. सोबत आमचे सातारकर दादा. त्यांची स्लेड बिनटर्बोची, तोंड मात्र टर्बोचं. "अरे, एवढे पैसे घालून माझ्या मागेच यायचं होतं तर घालवलेस कशाला?"

दुपारनंतर चाचणी. हेल्मेटवरचा कॅमेरा मीटरकडे वळवून ठेवतो. चढावर पूर्ण थ्रॉटल देताना काटा वाचत बसायचं नसतं, समोर बघायचं असतं. आकडे संध्याकाळी खोलीवर जाऊन बघायचे. मीटरमध्ये साठवलेला सर्वाधिक आरपीएम काही कामाचा नाही. ट्रॅक एकदा हवेत सुटला तरी तो आकडा वर जातो.

क्लच पकडतो ३७०० ला. मग ७००० पर्यंत इंजिन रेंगाळतं. तिथे बूस्ट येतो आणि काटा सपकन वर जातो. चढ सुरू केल्यावर तिसऱ्या सेकंदाला ७९००, आठव्याला ८४५०.

हा वाढत जाणारा आकडा पूर्णपणे क्लचचा नाही. टू-स्ट्रोकचा एक्झॉस्ट पाइप हा वाद्यासारखा एका सुरात लावलेला असतो. आतून परत येणारी दाबाची लाट नेमक्या वेळी पोर्टवर पोचली तर ताकद मिळते. पाइप तापला की आतल्या वायूत ध्वनीचा वेग वाढतो, लाट लवकर परततेय म्हणून इंजिनाचा उत्तम आरपीएमही वर सरकतो. म्हणून थंड पाइपवर, दोन-तीन सेकंदांच्या धावेवर वजनं ठरवू नयेत. पार्किंगमध्ये दोनदा थ्रॉटल मारून 'माझं ८२०० ला लागलंय' म्हणणारे खूप भेटतात. लांब चढ, तापलेला पाइप आणि शेवटचे तीन-चार सेकंद, मी फक्त तेवढंच धरतो.

त्या हिशेबाने माझे ८४५० जास्तच आहेत. २५० खाली आणायचेत. नुसती वजनं वाढवली तर वरचं जमेल, पण खालचं रेंगाळणं आणखी वाढेल. उपाय वजन कुठे आहे त्यात आहे. क्लच नुकता पकडतो तेव्हा वजन घडी घातलेलं असतं, तेव्हा बिजागरीकडच्या वस्तुमानाचा जोर जाणवतो. क्लच उघडत जाईल तसं टोक बाहेर येतं आणि टोकाचा ग्रॅम भारी पडतो. म्हणजे बिजागरीकडचं काढायचं, टोकाला भरायचं.

रात्री मोटेलच्या पार्किंगमध्ये उणे १४ मध्ये, डोक्यावर बॅटरी बांधून: बिजागरीकडे ०, मधे २, टोकाला ८. एकूण ७३. स्क्रू बसवताना हातमोजे काढावेच लागतात आणि स्क्रू बोटांना चिकटतो. दादा गाडीत हीटर लावून बसले होते, अधूनमधून काच खाली करून "झालं का?" विचारत होते.

८ डिसेंबर, तिथेच

पकड ३९०० वर गेली. खालून उठाव स्पष्ट सुधारला, बूस्ट लवकर येतोय. लांब चढावर शेवटी ८२५०-८२७०. थांबल्या थांबल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने तबकड्या मोजल्या: प्रायमरी ७१ अंश, सेकंडरी ७४. उत्तम. ८० च्या आत असेल तर मी विचार करत नाही, ९५ च्या वर गेलं तर गाडी थांबवून विचार करतो.

बरेच जण इथे थांबतात. आकडा जुळला, बेल्ट थंड आहे, आता काय राहिलं?

झाडांतलं चालवणं राहिलं. क्वार्ट्झ क्रीकच्या खालच्या भागात झाडं दाट आहेत. तिथे कोणी पूर्ण थ्रॉटलवर आठ सेकंद चालवत नाही. देतो, सोडतो, वळतो, परत देतो. परत दिल्यावर माझी स्लेड ७००० पर्यंत खाली बसते, श्वास घेते आणि मग उठते. तेवढ्या वेळात दादांची बिनटर्बो स्लेड वळणातून निघून गेलेली असते. थ्रॉटल सोडला की बूस्ट पडतो. परत देताना क्लच वरच्याच गिअरमध्ये (म्हणजे बेल्ट प्रायमरीवर वर चढलेलाच) असतो आणि इंजिनात टर्बो नसल्याएवढाच दम असतो. क्लच पटकन खालच्या गिअरवर यायला हवा, आणि हे काम सेकंडरीचं.

माझ्या मते टर्बो स्लेडचा क्लच चांगला की वाईट हे वरच्या आकड्यावरून कळतच नाही. सोडून परत दिल्यावर काटा किती खाली जातो, त्यावरून कळतं.

२१ डिसेंबर, कॅल्गरी

उणे २८. कुठे जायचा प्रश्न नाही. गॅरेजमध्येही हीटर लावून दहाच्या वर पारा जाईना.

सेकंडरीबद्दल लिहून ठेवतो, दादांना फोनवर समजावताना मलाच नीट मांडता आलं म्हणून.

सेकंडरीत दोन गोष्टी बेल्टला आवळून धरतात. एक स्प्रिंग, ती कायमच. दुसरा हेलिक्स, म्हणजे तिरकस उतार असलेला दंडगोल, ज्यावर रोलर चालतात. इंजिनाचा टॉर्क बेल्टमधून आला की रोलर या उतारावर रेटले जातात आणि तबकड्या मिटायला बघतात. उतार जितका कमी, तितकी आवळण्याची ताकद जास्त. क्लच सावकाश वर जातो आणि चटकन खाली येतो. उतार चढा असेल तर उलट: भराभर वर जातो, खाली यायला कुरकुरतो.

माझा हेलिक्स ५४/४२ चा आहे. सुरुवातीला ५४ अंश, शेवटी ४२. बिनटर्बो इंजिनाला हे ठीक आहे, त्याची ताकद लगेच हजर असते. टर्बोला मात्र सुरुवातीचे ५४ घातक. बूस्ट यायच्या आधीच क्लच वर पळतो आणि इंजिनावर बोजा टाकतो. सरळ ४६ चा हेलिक्स मागवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत ४६. सुरुवातीला कमी उतार म्हणजे इंजिनाला उठायला वेळ. शेवटी ४२ ऐवजी ४६, म्हणजे बूस्ट आल्यावर क्लच जरा जास्त मोकळेपणाने वर जाणार.

दादा म्हणाले, "म्हणजे वरचा आरपीएम पडणार की रे."

पडणार. एका ठिकाणी हात लावला की दुसरं हलतंच. म्हणून एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत.

३ जानेवारी

हेलिक्स आला, बसवला. सेकंडरीचे रोलर नवीन, बाकी काही नाही. स्प्रिंग जुनीच, १५५/२२२.

११ जानेवारी, रेव्हलस्टोक, बोल्डर माउंटन

कॅल्गरीहून रेव्हलस्टोक चारशे किलोमीटर. वाटेतल्या रॉजर्स पास या घाटाच्या अलीकडे गाड्या थांबवून ठेवल्या होत्या. तिथे कॅनडाचं लष्कर १०५ मिलिमीटरच्या तोफा डागून हिमकडे मुद्दाम पाडतं, रस्त्यावर आपोआप कोसळण्याआधी. मला त्या थांबण्याचा राग येत नाही. वर कोणत्या जातीचा बर्फ लटकलाय त्याची फुकट सूचना मिळते.

गाव ४८० मीटरवर, आमची चाचणीची जागा २१०० च्या आसपास. उंचीचा हिशेब वहीत हवाच. ४८० मीटरवर हवेचा दाब साधारण १३.९ पीएसआय, २१०० वर ११.४. बिनटर्बो इंजिन वर पोचेपर्यंत समुद्रसपाटीच्या मानाने बावीस-तेवीस टक्के ताकद घालवून बसतं, आणि डोंगरात टर्बो लावतात तो त्याचसाठी. पण ६ पीएसआय बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेवर ६. खाली एकूण १९.९, वर १७.४. मीटरवर दोन्हीकडे ६ च दिसतं, इंजिनाला मात्र खाली चौदा टक्के जास्त हवा मिळते. त्यामुळे पायथ्याच्या रस्त्यावर ८४०० दिसले म्हणून कोणी वजन वाढवलं तर वर गेल्यावर त्याची स्लेड मरगळते. मी फक्त २००० च्या वरचे आकडे वहीत घेतो.

बर्फ ताजा, कोरडा, मांडीपर्यंत.

झाडांत फरक पहिल्या वळणालाच कळला. सोडून परत दिल्यावर आता ७५००-७६०० च्या खाली जात नाही. दादा मागे वळून बघायला लागले, हा माझ्यासाठी थर्मामीटरपेक्षा भरवशाचा पुरावा.

लांब चढावर मात्र ८०५०. दादांचं भाकीत खरं. दीडशे कमी ऐकायला फार वाटत नाहीत, पण टर्बो टू-स्ट्रोकमध्ये मला कमी आरपीएमची भीती जास्त आरपीएमपेक्षा अधिक वाटते. जास्त झाला तर ताकद वाया जाते. कमी झाला तर इंजिन पाइपच्या सुराखाली बसतं, बूस्ट चालूच असतो, आणि बोजाखाली कोंडलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच आपोआप पेटायला लागतं. त्याला डेटोनेशन म्हणतात आणि त्यात पिस्टन जातात. दोन चढ झाल्यावर चाचणी बंद केली.

तापमान: प्रायमरी ७६, सेकंडरी ९७. दोन आकड्यांतल्या तफावतीत सगळी गोष्ट आहे. प्रायमरी तापली असती तर तिकडची पकड कमी म्हटलं असतं. सेकंडरी एकटी तापतेय म्हणजे बेल्ट तिथे घसरतोय. शेवटचा उतार ४२ चा ४६ झाला, आवळण्याची ताकद घटली, आणि बूस्टचा टॉर्क तर तेवढाच.

१२ जानेवारी, बोल्डर

सकाळी सेकंडरीत १५५/२२२ काढून १६०/२४० ची स्प्रिंग घातली. वजनांना हात लावला नाही.

सेकंडरी ८४ वर आली, प्रायमरी ७८. आरपीएम ८०९०. स्प्रिंगने चाळीसेक दिले. बेल्ट आवळला गेला की क्लच वर जायला किंचित नाखूश होतो, म्हणून इंजिन थोडं वर राहतं. मग दुपारी टोकातून दीड ग्रॅम काढला: बिजागरीकडे ०, मधे २, टोकाला ६.५, एकूण ७१.५.

लांब चढ, तापलेला पाइप: ८२००, ८१९०, ८२१०.

माझ्या या स्लेडवर टोकाचा एक ग्रॅम म्हणजे सत्तर-ऐंशी आरपीएम, हे आता वहीत पक्कं. दुसऱ्याच्या स्लेडवर ते तसंच असेलच असं नाही. पाइप वेगळा, ट्रॅक वेगळा, चालवणाऱ्याचं वजन वेगळं. लोक एकमेकांचे क्लचचे आकडे उचलून बसवतात आणि वर किटवाल्याला शिव्या देतात.

प्रायमरीच्या तबकडीवर मार्करने मध्यापासून काठापर्यंत एक रेघ मारून ठेवली होती. बेल्ट जिथपर्यंत चढतो तिथपर्यंत रेघ पुसली जाते. काठापासून बोटभर खालपर्यंत पुसलीय. म्हणजे चढावर क्लच पूर्ण उघडत नाही, आणि डोंगरी स्लेडला तेच हवं.

२६ जानेवारी, कॅल्गरी

काल पुन्हा क्वार्ट्झ क्रीकला. फार खोल बर्फात, कंबरेपर्यंत, दुपारी बेल्टच्या खोलीतून जळक्या रबराचा वास. उघडलं. बेल्ट तुटलेला नाही, पण एका बाजूचा काठ काचेसारखा चकचकीत आणि सेकंडरीखाली काळी पूड. सेकंडरी १०४.

सेटिंग तेच, बर्फ बदलला. डाव्या पॅनेलची जाळी बारीक बर्फाने पूर्ण बुजली होती, आतली गरम हवा आतच फिरत होती. शिवाय आत आलेला थोडा बर्फ वितळून बेल्ट ओला. ओला बेल्ट घसरतो, घसरला की तापतो.

आज पॅनेलमध्ये वरच्या बाजूला दुसरं भोक पाडून बर्फ न धरणारी जाळी बसवली. खालची जाळी ठेवली. हवा खालून येऊन वरून जायला हवी, नुसती भोकं वाढवून उपयोग नाही. बेल्टचे काठ एमरी पेपरने घासून तो सुटा बेल्ट म्हणून सीटखाली. तबकड्यांवर रबराचे डाग बसले होते, ते निघेपर्यंत स्कॉचब्राइट.

क्लचचं गार्ड बसवल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. दादांचा पुतण्या "जरा फिरताना बघू द्या ना काका" म्हणून मागे लागला होता. नाही म्हणजे नाही. ८००० वर तुटलेला बेल्ट बाजूला उभ्या माणसाचं काय करतो ते मला दाखवायचं नाही.

१५ फेब्रुवारी, रेव्हलस्टोक

फॅमिली डेची जोडून सुट्टी, पार्किंगमध्ये ट्रेलर लावायला जागा नाही. हिमस्खलनाचा इशारा देणाऱ्या ॲव्हलांच कॅनडाच्या पत्रकात वरच्या भागाला धोका 'कन्सिडरेबल', पाचपैकी तिसरी पायरी, आणि खाली जुना कमकुवत थर असल्याचं लिहिलेलं. तिसऱ्या पायरीला लोक हलक्यात घेतात. आकड्यात मधली दिसते, पण माणसाच्या पायाखाली किंवा स्लेडखाली बर्फ सुटण्याची शक्यता तिथे खरी असते. मोठ्या चढांवर चाचणी रद्द. क्लचसाठी कोणी हिमकड्याखाली जाऊ नये.

सपाट मोकळ्या माळावर नव्या जाळीची परीक्षा तेवढी झाली. सेकंडरी ७९. बस.

१ मार्च, क्वार्ट्झ क्रीक

दादांच्या आग्रहाखातर ८ पीएसआय. किटवाल्यांनी ८ साठी वेगळा मॅप आणि रेसिंगचं पेट्रोल मिसळायला सांगितलंय, ते सगळं त्यांच्या प्रमाणात केलं. २१०० मीटरवर एकूण दाब १७.४ वरून १९.४, म्हणजे सुमारे साडेअकरा टक्के जास्त हवा.

आहे त्या क्लचवर ८४८०, अपेक्षेप्रमाणे. टोकाला साडेतीन ग्रॅम वाढवून ८२२०. जागा पुरेना म्हणून टंगस्टनचे स्क्रू घालावे लागले, त्याच लांबीत पोलादाच्या दुपटीहून जड.

उघड्या चढावर स्लेड भन्नाट. हात सैल सोडले तर माणूस मागे राहील. पण झाडांत परत रेंगाळली. टोक जड झालंय, सोडून परत दिल्यावर काटा ७२०० ला जातो. हे सुधारायचं तर सुरुवातीचा उतार आणखी कमी, म्हणजे ४२/४६ सारखा हेलिक्स, मग सेकंडरीची स्प्रिंग, मग पुन्हा वजनं. जमेल. पण मी दिवसातला तीन-चतुर्थांश वेळ झाडांत असतो, आणि प्रत्येक टाकीला रेसिंगचं पेट्रोल घालायचं तर खिशाला ते झेपणारं नाही.

दादा: "म्हणजे परत सहा?"

"परत सहा. तुम्ही टर्बो घ्या आणि आठ लावा."

ते गप्प बसले, पण संध्याकाळी मोबाइलवर कुठल्यातरी किटच्या किमती बघताना दिसले.

२२ मार्च, बोल्डर

६ पीएसआय, जुना मॅप, ७१.५ ग्रॅम. बर्फ वसंतातला, जड आणि ओला. ट्रॅकला पकड जास्त, इंजिनावर बोजा जास्त, त्यामुळे ८१२०. ऊन पडून बर्फ आणखी ओला झाला तेव्हा ८१००. अर्धा ग्रॅम काढावा का, असा विचार आला आणि सोडला. हिवाळ्यातल्या कोरड्या बर्फासाठी लावलेलं सेटिंग हंगामाच्या शेवटच्या दोन आठवड्यांसाठी हलवायचं नाही. चढावर थ्रॉटल जरा आधी सोडायचा, बस.

वहीत कायमचं लिहिलं: २००० मीटरच्या वर, ६ पीएसआय, ९१ पेट्रोल. प्रायमरी स्प्रिंग १२०/३२०, वजन ०-२-६.५. हेलिक्स सरळ ४६, सेकंडरी स्प्रिंग १६०/२४०. पकड ३९००, चढावर ८२००.

५ एप्रिल, कॅल्गरी

बेल्ट काढून सपाट ठेवला. दोन्ही क्लच उघडले. तिन्ही वजनांचे बुश आता सैल वाटतात, टोक धरून हलवलं की कट्कट् होतं. नवीन बुश आणि प्रायमरीची नवीन स्प्रिंग मागवली. स्प्रिंग उभी करून मोजली तर नवीनपेक्षा तीन मिलिमीटर बसलीय. नवीन घातल्यावर पकड थोडी वर जाईल, तेव्हा नोव्हेंबरात पहिलं काम तेच तपासायचं. ४२/४६ चा हेलिक्स मागवलेला नाही. दादांनी मागवलाय, स्लेडला अजून टर्बो नाही.